गाडीत वारा घ्यायचाय? आधी त्याला बाहेर जायची वाट द्या: घरगुती एअर स्कूप करताना या चुका टाळा

बिनएसीची गाडी चालवणाऱ्याला एप्रिल लागला की ही युक्ती सुचतेच. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा कापायचा, तोंड पुढे करून खिडकीशी बसवायचा आणि धावत्या गाडीचा वारा फुकटात आत घ्यायचा. मीही तेच केलं. गाडी जुनी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात बसल्या जागी खालून शेगडी पेटल्यासारखं व्हायचं. स्कूप तासाभरात तयार झाला, दिसायलाही झकास. पण गाडी पन्नासवर गेली तरी चेहऱ्याला वारा नाही. शेजारी बसलेल्या मेव्हण्यानं स्कूपच्या आतल्या तोंडाशी रुमाल धरला, तर तो बाहेर ओढला जायला लागला! वारा घ्यायला लावलेलं यंत्र आतलीच हवा बाहेर फेकत होतं.

पुढे दोन उन्हाळे त्यावर खटपट केली. त्यातून जे कळलं ते असं.

जागा अंदाजानं ठरवणं

गाडी पुढे जाते म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा तिच्यावर आदळतो, हा समज सोडून द्या. आदळतो तो समोरच्या भागावर आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी. तिथे दाब वाढतो, म्हणूनच बहुतेक गाड्यांत बाहेरची हवा घ्यायची जाळी कंपनी तिथे, वायपरच्या खाली ठेवते. तीच हवा काचेच्या कडेनं बाजूला वळली की तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पुढच्या खांबामागे (काच आणि दार यांमधल्या छपराच्या आधारामागे) ती पत्र्यापासून सुटून भोवरे घालते. माझा स्कूप नेमका त्या भोवऱ्यात, खांबापासून चार बोटांवर आणि जेमतेम तीन सेंटिमीटर बाहेर होता. तिथे वारा नव्हताच, होती ती ओढ.

जुन्या पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरच्या पुढच्या दाराला तिकोनी काच असायची, ती आठवते? थोडी उघडली तर आतली हवा बाहेर ओढायची, उलटी फिरवली तर थेट तोंडावर वारा. एकाच काचेची दोन कामं, फरक फक्त कोनाचा. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर ही सोयही गेली.

तेव्हा कापाकापीआधी तपासा. लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीनं गाडीच्या बाजूला ओळीनं लावा, मोकळ्या रस्त्यावर चाळीसनं जा आणि शेजाऱ्याला धागे बघायला सांगा. धागा सरळ मागे झोपला असेल तर वारा तिथे पत्र्याला धरून चाललाय. धागा वेडावाकडा नाचत असेल किंवा पुढे वळत असेल तर ती जागा सोडा.

आकडा हवा असेल तर गवंड्याची लेव्हल पाइप कामाला येते. दोन हात पाइप यू आकारात पुठ्ठ्यावर बांधा, शाई घातलेलं पाणी भरा. एक टोक केबिनमध्ये मोकळं, दुसरं बाहेर पत्र्याला सपाट चिकटवलेलं. बाहेरच्या टोकाचं तोंड वाऱ्याकडे करू नका, नाहीतर सगळीकडे दाबच दिसेल. यू गाडीला आडवा धरा, नाहीतर नुसत्या ब्रेकनं पाणी वरखाली होतं. बाहेरच्या बाजूचं पाणी खाली दबलं तर तिथे दाब आहे, वर चढलं तर ओढ. अपेक्षा किती ठेवायची? ताशी ४० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब साधारण ७ मिलिमीटर पाण्याइतका असतो, ६० ला १६ आणि २० ला जेमतेम २. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. गावातल्या ट्रॅफिकमध्ये स्कूप रुसतो तो यामुळे.

बाहेर जायला वाट न ठेवणं

सगळ्यात जास्त स्कूप इथे वाया जातात. जागा सापडली, तोंड बरोबर केलं, तरी वारा येईना, म्हणून माणूस तोंड मोठं करतो. मग अजून मोठं. रिकाम्या बाटलीत फुंकर मारून बघा. बाटलीचं तोंड कितीही रुंद असो, आत गेलेली हवा फिरून ओठांवरच येते. बंद काचांची केबिन म्हणजे अशीच बाटली. आत दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की वाहणं थांबतं.

कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच कारमध्ये मागच्या बंपरआड रबरी पडद्यांच्या झडपा असतात. आतली हवा तिथून जाते. त्या बुजल्या तर दार लावायला जोर लागतो आणि ब्लोअरचा वाराही मंदावतो. जुन्या व्हॅनमध्ये आणि छोट्या मालगाडीत अशा झडपांच्या भरवशावर राहू नका, वाट आपणच करायची.

मी मागच्या बाजूच्या दोन्ही काचा दोन-दोन बोटं सरकवल्या आणि त्याच कॅनमधून तोवर कधी न आलेला वारा आला. बाहेर पडायची फट आत येणाऱ्या तोंडाइतकी किंवा थोडी मोठी हवी, आणि शक्य तितकी मागे, म्हणजे वारा माणसांवरून जाईल. स्कूपच्या शेजारचीच काच उघडी ठेवलीत तर हवा इकडून येऊन तिकडून जाते, मागच्या सीटवर पोरं घामाघूमच.

माझं मत विचाराल तर स्कूपच्या आधी मागची ओढ वापरून बघा. बसच्या छपरातली झडप पाहा. तिची पुढची कड उचलली तर ती वारा घेते, मागची कड उचलली तर आतली गरम हवा खेचून काढते. छपराशी साचलेला उकाडा निघून गेला की पुढून आपोआप हवा येते. कित्येक गाड्यांना यापुढे स्कूपची गरजच उरत नाही.

एक मात्र करू नका: मागचं वर उघडणारं दार दोरीनं अर्धवट बांधून गाडी हाकणं. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते, सायलेन्सरचा धूर त्यात घोटाळतो आणि दारातून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, झोप येते आणि आपण म्हणतो ऊन लागलं. पुढे स्कूप आणि बाजूच्या मागच्या काचा उघड्या असतील, तरीही फटीशी धागा धरून खात्री करा. तो बाहेरच जायला हवा.

तोंड घागरीचं, गळा बाटलीचा

बाहेर वीतभर तोंड आणि आत दीड इंची नळी, हा नमुना फार दिसतो. वारा सगळ्यात अरुंद जागेच्या हिशेबानं येतो, उरलेला तोंडावरून घसरून जातो. काटकोनी एल्बो (नळीचे वळणाचे जोड) एकापुढे एक लावले की आणखी मार बसतो. तोंड, गळा आणि वळणं सगळी जवळपास सारख्या मापाची ठेवा, वळण सावकाश द्या. किड्यांसाठी जाळी हवीच, पण मच्छरदाणीची बारीक जाळी निम्मी हवा अडवते आणि आठवड्यात धुळीनं भरते. जरा मोठ्या भोकांची, काढून धुता येणारी बसवा.

पावसाचा विचार जूनमध्ये करणं

मेमध्ये केलेला स्कूप वळवाच्या पहिल्या सरीत पाण्याचा नळ होतो. आतली नळी आधी वर चढून मग केबिनमध्ये उतरावी आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी जायला पेन्सिलभर भोक असावं. वर घट्ट झाकण हवंच, ते धुळीच्या रस्त्यावर आणि ट्रकमागेही कामी येतं. पत्र्याला भोक पाडलं असेल तर कडेला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग) आणि रंग लावल्याशिवाय सिलिकॉन भरू नका. कोकणात ती कड एका पावसाळ्यात गंजते. भोक न पाडणं त्याहून चांगलं. खिडकीची काच थोडी उतरवून त्या फटीत ॲक्रिलिकची पट्टी बसवली आणि स्कूप त्या पट्टीला रिव्हेट केला, तर हवा तेव्हा काढता येतो.

दुतर्फी टेपवर विश्वास

२० बाय १५ सेंटिमीटरच्या तोंडावर ताशी ८० ला किलोभर जोर येतो. समोरून ट्रक घासून गेला की क्षणभर त्याहून जास्त. उन्हात तापलेल्या पत्र्यावर टेपचा गोंद मऊ पडतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर तुमचा कॅन जातो. नट-बोल्ट किंवा रिव्हेट लावा, शिवाय एक सुरक्षेची तार. कापलेल्या कडेला रबर बीडिंग चढवा. आरसा झाकू नका, ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत काही आणू नका.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. छप्पर कापायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. काढता येणारी पट्टी मला बरी वाटते ती यामुळेही.

स्कूपला एसी समजणं

स्कूप बाहेरचीच हवा आत आणतो. अकोल्यात पारा ४४ वर असेल तर आत ४४ चाच वारा येणार. घाम वाळतो म्हणून बरं वाटतं, पण घसा आणि डोळेही वाळतात, पाणी दुप्पट प्यावं लागतं. तिथे तोंडाशी ओल्या वाळ्याची पातळ ताटी लावली तर फरक पडतो, कारण हवा कोरडी आहे. रत्नागिरीत तोच प्रयोग केलात तर नुसता दमटपणा वाढेल. सिग्नलला उभ्या गाडीत तर काहीच नाही. कॉम्प्युटरचा छोटा पंखा नळीत बसवणारे असतात, उभ्या गाडीत तो थोडी झुळूक देतो, पण धावत्या गाडीत वाटेतला अडथळाच होतो.

ट्रकवाल्यांसाठी निदान नियम झाला: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांची केबिन वातानुकूलित हवी. त्याखालची छोटी मालगाडी त्यात नाही.

माझ्या व्हॅनला सध्या डावीकडे, खांबापासून हातभर मागे, ॲक्रिलिकच्या पट्टीवर आठ सेंटिमीटर बाहेर आलेला स्कूप आहे. गावात शिरताना तो काढून सीटमागे टाकतो, कारण डावीकडून दुचाकी घुसते. इंजिनच्या झाकणाखाली उष्णतारोधक चादर घातली, त्यानं खरं तर स्कूपपेक्षा जास्त आराम पडला. मेव्हण्यानं ते पहिल्याच दिवशी सुचवलं होतं.