अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेताय? फी भरायच्या आधी एवढं चेक करा

अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांमध्ये, खासकरून जोडीदाराच्या नोकरीमागे न्यू जर्सी नाहीतर टेक्सासला येऊन स्थिरावलेल्यांमध्ये, घरी बसून ऑनलाइन मास्टर्स करणारे बरेच आहेत. रँकिंग सगळे बघतात, फी तर बघतातच, पण त्या कॉलेजला आपल्या राज्यात राहणाऱ्या माणसाला शिकवायची परवानगी आहे का हे बघणारा क्वचितच कोणी भेटतो. ऑनलाइन आहे म्हणजे कुठूनही चालतं असं आपण धरून चालतो. तसं नाहीये.

तिकडे कॉलेजला परवाना द्यायचं काम राज्यांचं. कॉलेज ओहायोत असलं तरी विद्यार्थी मेरीलँडमधल्या घरात बसून शिकत असेल तर मेरीलँड म्हणणार की दुकान कुठेही असू दे, गिऱ्हाईक आमचं आहे, आमच्याकडे नोंद करा. काही राज्यं नुसत्या ऑनलाइन वर्गाला आडकाठी करत नाहीत, काही करतात, प्रत्येकाचं वेगळं. यालाच स्टेट ऑथरायझेशन म्हणतात.

आधी स्वतःचं राज्य पक्कं करा. म्हणजे कोर्स करताना तुम्ही प्रत्यक्ष कुठे असणार ते. जुलै 2020 पासून केंद्राच्या नियमातही कायमचा पत्ता नाही, विद्यार्थी कुठे आहे ते धरतात आणि ते कसं ठरवायचं याची पॉलिसी प्रत्येक कॉलेजला ठेवावी लागते. त्यामुळे कमी फी लागावी म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा पत्ता टाकायचा जुगाड करू नका, पुढे नर्सिंग, शिकवणं अशा व्यवसायाच्या लायसन्सच्या वेळी तोच अंगाशी येतो. आणि तुम्ही एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर हा सगळा लेख बाजूला ठेवा, कारण तुमच्या फुल टाइम कोर्समध्ये एका सत्रात एकच ऑनलाइन क्लास, तोही जास्तीत जास्त तीन क्रेडिटचा, धरला जातो. एच-4 म्हणजे जोडीदाराच्या एच-1बी वर आलेल्यांना असं बंधन नाही.

मग सारा बघा. पूर्ण नाव स्टेट ऑथरायझेशन रेसिप्रॉसिटी ॲग्रीमेंट, सगळे सारा म्हणतात. पन्नास राज्यांकडे पन्नास अर्ज करून कॉलेजं थकली म्हणून राज्यांनी आपसात करार केला, की एका राज्याने आपलं कॉलेज तपासून घेतलं की बाकीच्यांनी ते मान्य करायचं. 2014 मध्ये इंडियाना पहिली आली, मग एकेक करत 2018 ला मॅसॅच्युसेट्स आल्यावर 49 राज्यं झाली. हा करार सांभाळणाऱ्या एनसी-सारा या संस्थेच्या वेबसाइटवर कॉलेजांची यादी आहे, तिथे नाव टाकून शोधा, पण नाव नीट बघा हं, एकाच युनिव्हर्सिटीचे चार कॅम्पस असतात आणि सारखी नावं असलेली कॉलेजंही ढीगभर आहेत.

कॅलिफोर्निया असेल तर जास्त वेळ द्या. 49 आली तेव्हा बाहेर राहिलेली ती हीच. त्याचे दोन परिणाम. तुम्ही दुसऱ्या राज्यात आणि कॉलेज कॅलिफोर्नियाचं असेल तर त्या कॉलेजने तुमच्या राज्याची वेगळी परवानगी काढलीय का, किंवा तिथे ती लागतच नाही का, हे त्यांच्या साइटवरच्या स्टेट ऑथरायझेशन पानावर सापडतं. उलट तुम्ही कॅलिफोर्नियात आणि कॉलेज बाहेरचं, नफ्यासाठी चालणारं खाजगी असेल तर त्याची नोंद तिथल्या ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन कडे आहे का ते बघा.

हे नुसतं कागदी प्रकरण नाही बरं का. जुलै 2019 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अचानक सांगितलं की कॅलिफोर्नियात बसून बाहेरच्या सरकारी किंवा ना-नफा कॉलेजात ऑनलाइन शिकणाऱ्यांना केंद्राची आर्थिक मदत (लोन वगैरे) मिळणार नाही, कारण काय तर या विद्यार्थ्यांच्या तक्रारी घ्यायची सोय कॅलिफोर्नियाने ठेवली नव्हती. हजारो लोक सेमिस्टर सुरू व्हायच्या तोंडावर लटकले, मग राज्याने घाईघाईने तक्रारीची व्यवस्था उभी केली आणि खात्याने ती मान्य केली, मदत वाचली. विद्यार्थ्याची यात काडीची चूक नव्हती. तेव्हा ग्रीन कार्डवाले किंवा सिटिझन असाल आणि केंद्राच्या लोनवर शिकायचं असेल तर ही परवानगी थेट तुमच्या खिशाशी जोडलेली आहे. एच-4 वाल्यांना ते लोन तसंही मिळत नाही.

ॲक्रेडिटेशन वेगळं तपासा. ते शिक्षणाच्या दर्जाचं, ऑथरायझेशन राज्याच्या परवानगीचं. दोन्ही लागतात. शिक्षण खात्याचा मान्यताप्राप्त कॉलेजांचा डेटाबेस फुकट बघता येतो, पाच मिनिटांचं काम.

आता लायसन्स, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. नर्सिंग, शाळेतली शिक्षिका, कौन्सेलिंग, सोशल वर्क, यातलं काही करणार असाल तर कॉलेज सारामध्ये आहे म्हणून डिग्रीनंतर तुमच्या राज्यात लायसन्स मिळेलच असं अजिबात नाही, साराचा लायसन्सशी काही संबंधच नाही. लायसन्स देतं तुमच्या राज्याचं त्या त्या व्यवसायाचं बोर्ड आणि त्यांचे नियम राज्यागणिक वेगळे, कुणाला प्रॅक्टिकलचे तास जास्त हवेत, कुणाला एखादा विषय हवाच. कॉलेजच्या साइटवर प्रोफेशनल लायसेन्शर डिस्क्लोजर नावाचं पान शोधा, त्यात कुठल्या राज्यांच्या अटी कोर्स पूर्ण करतो आणि कुठल्या नाही याची यादी असते. पूर्वी आम्ही ठरवलेलं नाही असा तिसरा रकाना टाकून कॉलेजं मोकळी व्हायची. जुलै 2024 पासून ज्यांच्या विद्यार्थ्यांना केंद्राची आर्थिक मदत मिळते अशा कॉलेजांसाठी नियम कडक झाला, प्रवेश घेताना तुम्ही ज्या राज्यात आहात तिथल्या शिक्षणाच्या अटी कोर्सने पूर्ण करायला हव्यात. पळवाट एकच, मी अमुक दुसऱ्या राज्यात नोकरी करणार आहे असं तुम्ही लिहून दिलंत आणि कोर्स तिथे चालत असेल तर प्रवेश देता येतो. म्हणून ॲडमिशनवाल्याने फॉर्मॅलिटी आहे म्हणत असा कागद पुढे केला तर सही करायच्या आधी नीट वाचा. न्यू जर्सीत राहायचंय आणि सही पेनसिल्व्हेनियासाठी, असं नको. यादी बघून झाल्यावर बोर्डालाही स्वतः मेल टाका, कॉलेजची यादी जुनी असू शकते.

कोर्समध्ये प्रॅक्टिकम किंवा क्लिनिकल, म्हणजे शाळेत किंवा हॉस्पिटलात जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, असेल तर हॉस्पिटल किंवा शाळा कोण शोधणार, कॉलेज की तुम्ही? हे आधीच विचारा. सारामध्ये एका ठिकाणी एका कोर्सचे एकावेळी जास्तीत जास्त दहाच विद्यार्थी ठेवता येतात, त्याहून जास्त हवे असतील तर जादा मंजुरी लागते.

कॉलेजला मेल करा, फोनवर भागवू नका. विचारायचं एवढंच: मी अमुक राज्यात राहते, या कोर्सला तुम्ही मला घेऊ शकता का, डिग्री माझ्या राज्यात अमुक लायसन्सच्या शिक्षणाच्या अटीत बसते का, आणि मी मध्येच राज्य बदललं तर काय. भरती करणारा फोनवर यस यस करतो, लेखी उत्तर मागितलं की मग खरं कळतं. मेल जपून ठेवा.

राज्य बदलायचा प्रश्न आपल्याकडे तर हमखास येतो, प्रोजेक्ट संपला की सामान बांधून डॅलस नाहीतर सिएटल. शिफ्ट व्हायच्या आधी विचारा, गेल्यावर नाही, कारण नव्या राज्यात तो कोर्स चालत नसेल तर लोन आणि लायसन्स दोन्ही अडकू शकतात. आणि थेट पुण्याला परतून उरलेला कोर्स करायचा विचार असेल तर सारा अमेरिकेच्या हद्दीपुरताच आहे, भारतात बसून चालेल का ते कॉलेजकडूनच लेखी घ्यायचं.

तक्रार करायची वेळ आली तर आधी कॉलेजच्या आतल्या तक्रार प्रक्रियेतून जावंच लागतं. तिथे समाधान नाही झालं तर कॉलेज ज्या राज्यात आहे तिथल्या सारा ऑफिसकडे, म्हणजे तुमच्या राज्याच्या नाही, बरेच जण इथे उलटं करतात. घटना झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. मार्क कमी दिले ही तक्रार तिथे घेत नाहीत, ती कॉलेजातच मिटवायची.