२८८ मतदारसंघ, सहा संपादक: विकिपीडियावर विधानसभा निवडणुकांचे लेख गटाने कसे लिहावेत

निकाल लागला की मराठी विकिपीडियावर हौशी संपादकांची गर्दी होते. जो तो आपल्या मतदारसंघाच्या पानावर नव्या आमदाराचे नाव टाकतो आणि निघून जातो. महिनाभराने पाहावे तर एका पानावर फक्त विजेत्याचे नाव, दुसऱ्यावर पंधरा उमेदवारांचा तक्ता, तिसऱ्यावर अजून मागचाच आमदार आणि मुख्य लेखातल्या बेरजेशी यातले काहीच जुळत नाही. चार-सहा जणांनी आधी तासभर बसून काही गोष्टी ठरवल्या तर यातले बहुतेक घोळ टळतात. काय ठरवायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, ते पुढे दिले आहे. उदाहरणे महाराष्ट्राची असली तरी पद्धत कोणत्याही विधानसभेला चालेल.

१. एक नमुना पान तयार करा

कामाची सुरुवात धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, करा. एकच मतदारसंघ घेऊन त्याचे पान शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण करा: माहितीचौकट (पानाच्या कडेला येणारा थोडक्यात माहितीचा चौकोन), मतदारसंघाची व्याप्ती, आमदारांची यादी, प्रत्येक निवडणुकीचा तक्ता, संदर्भ, वर्ग (एका विषयाची पाने एकत्र दाखवणारी यादी). मग ते सगळ्यांसमोर ठेवा. वाद घालायचा तो याच पानावर घालायचा. पन्नास पाने झाल्यावर स्तंभांचा क्रम बदलायचे ठरले, तर कोणीही ते मनापासून करत नाही.

प्रकल्पाचे एक पान काढून त्याच्या चर्चा पानावर निर्णय लिहून ठेवा, खाली चार नागमोडी रेघांची सही करा. व्हॉट्सॲप गटात झालेला निर्णय सहा महिन्यांनी येणाऱ्या संपादकाला दिसत नाही आणि तो बिचारा सगळे पुन्हा आपल्या मनाने करत बसतो.

२. वाटणी लोकसभा मतदारसंघांनुसार करा

जिल्हे वाटून घेणे हा पहिला मोह. पण पुणे जिल्ह्यात २१ मतदारसंघ आहेत, मुंबई उपनगरात २६, तर गडचिरोली, हिंगोली आणि सिंधुदुर्गात प्रत्येकी तीन. एकाच्या वाट्याला डोंगर, दुसऱ्याच्या वाट्याला टेकाड. त्यापेक्षा सोपा हिशोब असा: महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात विधानसभेचे बरोबर सहा. सहा जण असाल तर प्रत्येकाला आठ लोकसभा मतदारसंघ, म्हणजे ४८ पाने. शिवाय लोकसभेच्या लेखातली ‘यात येणारे विधानसभा मतदारसंघ’ ही यादी आपोआप तपासून होते. जिल्ह्याची सीमा मात्र इथे पाळली जात नाही. मावळ लोकसभेत पनवेल, कर्जत, उरण हे रायगडचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे पुण्याचे. त्यामुळे जिल्ह्याचा वर्ग लोकसभेवरून ठरवू नका, प्रत्येक पानावर स्वतंत्र तपासा.

दोन नियम वाटणीबरोबरच करा. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा असावा. आणि जो एखाद्या पक्षाचे किंवा उमेदवाराचे काम करतो, त्याने त्या मतदारसंघाचे पान दुसऱ्याला द्यावे.

३. कोणता कागद कशासाठी

आकड्यांसाठी निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल हा मुख्य आधार. तो यायला वेळ लागतो. तोवर आयोगाचे निकालाचे संकेतस्थळ वापरा, पण त्याच दिवशी ते पान वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेत जतन करा. त्या संकेतस्थळाची रचना निवडणुकीगणिक बदलते आणि जुने दुवे मरतात. मेलेला दुवा म्हणजे संदर्भ नसलेला आकडा.

केंद्रनिहाय मते हवी असतील तर नमुना २० पाहा. तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळतो, बऱ्याचदा स्कॅन केलेला. यात नेहमीची चूक एकच: केंद्रांची बेरीज घेतली जाते आणि शेवटी असलेली टपाली मतांची ओळ सुटते. तुमची बेरीज जाहीर निकालापेक्षा शे-पाचशेंनी कमी येत असेल तर आधी तिथे बघा.

उमेदवारांच्या नावांसाठी नमुना ७अ, म्हणजे रिंगणात उरलेल्या उमेदवारांची यादी. ही मराठीत मिळते, म्हणून सोन्यासारखी. इंग्रजी निकालावरून नावे उतरवली की ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘डांगे’चे ‘दांगे’ होते. आडनाव वाचून अंदाजाने देवनागरी करू नका.

४. पानांची नावे

‘अमुक विधानसभा मतदारसंघ’ हा साचा पाळा आणि नाव परिसीमन आदेशातले, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आदेशातले, घ्या. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून मतदारसंघाचे नाव बदलत नाही. जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, पण २०२४च्या निवडणुकीत मतदारसंघ औरंगाबाद पूर्व, पश्चिम आणि मध्य असेच होते. उस्मानाबादचे आणि अहमदनगर शहराचेही तसेच. इथे उत्साही संपादक पान स्थानांतरित करत, म्हणजे त्याचे शीर्षक बदलत, राहतात. चर्चा पानावर एकदा कारण लिहून ठेवा आणि नव्या नावावरून पुनर्निर्देशन द्या (ते नाव शोधले की वाचक आपोआप मूळ पानावर येतो), म्हणजे शोधणाऱ्याची अडचण होणार नाही.

सारखी दिसणारी नावे आधीच बाजूला काढा. रायगडमधले कर्जत वेगळे आणि अहिल्यानगरमधले कर्जत जामखेड वेगळे. आर्वी वर्ध्यात, आर्णी यवतमाळात. चांदवड नाशिकला, चंदगड कोल्हापूरला, चांदिवली मुंबईत. ज्यांत खरोखर गोंधळ होतो तिथे पानाच्या माथ्यावर एक ओळ पुरते.

आणखी एक बारीक भानगड, मराठी टंकनातली. ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकले जाते: एक स्वतंत्र ‘ऱ’ वापरून आणि दुसरे साध्या ‘र’ला हलंत देऊन मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ती दोन शीर्षके वाटतात. मग दोन पाने तयार होतात. एक पद्धत ठरवा, दुसरीवरून पुनर्निर्देशन द्या.

५. २००९ ही भिंत समजा

२००१च्या जनगणनेवर आधारलेले परिसीमन २००८च्या आदेशाने आले आणि २००९च्या निवडणुका त्यानुसार झाल्या. कोथरूडसारखे मतदारसंघ त्यातच जन्मले. ज्यांचे नाव तेच राहिले त्यांच्याही सीमा बदललेल्या असू शकतात. त्यामुळे २००४ आणि २००९ या दोन तक्त्यांमध्ये ‘मतांमधील बदल’ हा स्तंभ भरू नका. तिथे आडवी रेघ आणि तळटीप.

मागे जाल तसे जागाही बदलतात: १९६२ला २६४, १९६७ आणि १९७२ला २७०, १९७८पासून २८८. १९५७ची निवडणूक तर द्विभाषिक मुंबई राज्याची होती. तिच्यात आजच्या गुजरातमधल्या जागाही येतात, म्हणून ती महाराष्ट्र विधानसभेच्या मालिकेत सरळ जोडता येत नाही. जुन्या यादीत कुठे २८९ सदस्य दिसले तर दचकू नका. तो एक नामनिर्देशित अँग्लो-इंडियन सदस्य आहे. ती तरतूद जानेवारी २०२०पासून संपली.

६. तक्ता: एकदा ठरवा, तळटीपेत लिहा

सगळ्यात जास्त भांडणे नोटावरून, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायावरून, होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३च्या निकालानंतर हा पर्याय आला, म्हणजे महाराष्ट्र विधानसभेच्या तक्त्यांत तो २०१४पासून दिसेल. प्रश्न असा, की टक्केवारी काढताना भाजक कोणता घ्यायचा? नोटा धरून की वगळून? आयोगाच्या निकालाच्या पानावरची टक्केवारी नोटा धरून असते. अनामत रक्कम जप्त झाली का हे ठरवताना मात्र वैध मतांत नोटा मोजत नाहीत. दोन्ही पद्धती चालतील, पण २८८ पानांवर एकच हवी आणि ती कोणती हे तक्त्याखाली लिहिलेले हवे.

मताधिक्य नेहमी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या तुलनेत द्या. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण २०२२च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. नोटा उमेदवार नव्हे. ज्या साच्यात (विकिपीडियावर तक्ता आपोआप मांडणाऱ्या तयार चौकटीत) मताधिक्य आपोआप पहिल्या दोन ओळींतून निघते, तो अशा वेळी चुकीचा आकडा देतो.

साच्यातली सूत्रे देवनागरी अंक वाचत नाहीत, आणि १,०५,३२० मधले स्वल्पविरामही त्यांना पचत नाहीत. आपोआप बेरीज किंवा टक्केवारी हवी असेल तर मूळ आकडे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम न देता भरा आणि देवनागरीत दाखवण्याचे काम साच्यावर सोडा. तक्ता लाल अक्षरांत त्रुटी दाखवत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असते.

जतन करण्याआधी तीन बेरजा करा. सर्व उमेदवार अधिक नोटा मिळून एकूण मतांइतके होतात का. एकूण मते मतदारांच्या संख्येपेक्षा कमी आहेत का (हसू नका, एक शून्य जास्त पडले की असे होते). आणि सर्व पाने झाल्यावर पक्षनिहाय विजयी जागा मुख्य लेखाशी जुळतात का. २०२४साठी हे आकडे असे: भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी काँग्रेस ४१, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) १०. ही बेरीज २७६ होते, उरलेल्या १२ जागा छोटे पक्ष आणि अपक्ष यांच्या. तुमच्या वर्गात ५७ऐवजी ५८ पाने आली तर एका पानावर पक्ष चुकला आहे.

७. पक्ष फुटतो तेव्हा

नियम सोपा आहे आणि तो पाळणे अवघड आहे: तक्त्यात उमेदवाराचा पक्ष मतदानाच्या दिवशी अधिकृत होता तोच लिहायचा. २०१९च्या तक्त्यात सगळे ५६ आमदार शिवसेनेचेच राहतील, पुढे कोण कोणाबरोबर गेले याचा त्यावर परिणाम नाही. आयोगाने शिवसेनेचे नाव आणि चिन्ह यांचा निर्णय फेब्रुवारी २०२३मध्ये दिला, राष्ट्रवादीचा फेब्रुवारी २०२४मध्ये. कंसातली नवी नावे मिळण्याआधीच्या निवडणुकांच्या तक्त्यांत ती घुसवली की इतिहास मागे जाऊन बदलल्यासारखा होतो.

२०१९ ते २०२४ मधला ‘बदल’ हा स्तंभ दोन्ही शिवसेना आणि दोन्ही राष्ट्रवादींसाठी रिकामा ठेवा. कोणता गट खरा वारसदार हे मानून वजाबाकी करणे हे आपले स्वतःचे संशोधन झाले, आणि विकिपीडियावर त्याला जागा नाही.

चौदाव्या, म्हणजे २०१९ला निवडलेल्या, विधानसभेच्या लेखात मात्र दोन पक्षीय बलाबल द्या, एक निवडणुकीनंतरचे आणि एक मुदत संपतानाचे. त्या एका विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. एकाच तक्त्यात ते बसत नाही. पोटनिवडणुकांसाठी (पंढरपूर, देगलूर, कोल्हापूर उत्तर, कसबा पेठ, चिंचवड...) वेगळा छोटा तक्ता करा.

तारखांचाही एक घोळ असतो. उमेदवार निवडून आल्याची तारीख म्हणजे निकाल घोषित झाल्याची. विधानसभेची पाच वर्षे मात्र पहिल्या बैठकीपासून मोजली जातात, संविधानाचे कलम १७२ तसे सांगते. माहितीचौकटीत यांपैकी कोणती तारीख ‘कार्यकाळ आरंभ’ म्हणून लिहायची, हे नमुना पानावरच ठरवून घ्या.

८. मतमोजणीचा दिवस

त्या दिवशी कमी संपादन करणे हेच मोठे काम. ‘आघाडीवर’ म्हणजे ‘विजयी’ नव्हे. आयोगाच्या पानावर निकाल घोषित दिसेपर्यंत आमदार बदलू नका. मुख्य लेखातला पक्षनिहाय तक्ता एकाच माणसाकडे द्या, नाहीतर दोघे एकाच वेळी जतन करतात आणि संपादन-संघर्ष होतो. बाकीच्यांनी निरीक्षणसूची (आपण लक्ष ठेवलेल्या पानांवरचे ताजे बदल दाखवणारी यादी) उघडून बसावे आणि घाईत झालेले बदल सारांशात कारण लिहून उलटवावेत.

९. उमेदवारांचे लेख

निवडून आलेल्या आमदारावर स्वतंत्र लेख होऊ शकतो. नुसते उभे राहून पडलेल्यावर, दुसरी काही उल्लेखनीयता नसेल तर, नको. त्याचे नाव तक्त्यात पुरे. दुवा देताना सारख्या नावांची काळजी घ्या. एकाच मतदारसंघात त्याच नावाचे दोन-तीन अपक्ष उभे करणे ही जुनी खेळी आहे, वडिलांच्या नावासह पूर्ण नाव जुळल्याशिवाय दुवा जोडू नका.

शपथपत्रातले प्रलंबित गुन्हे म्हणजे दोषसिद्धी नव्हे. जिवंत व्यक्तीच्या लेखात ती यादी उचलून टाकू नका. प्रचाराच्या पत्रकावरचा किंवा शासकीय संकेतस्थळावरचा फोटोही मुक्त परवान्याचा आहे असे समजू नका. फोटो नसलेले पान चालते.

१०. विकिडेटा

आमदारांची माहिती एकदा विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यावर, नीट भरली की इतर भाषांनाही ती वापरता येते. ‘भूषवलेले पद’ (पी३९) या गुणधर्माखाली प्रत्येक विधानसभेसाठी वेगळे विधान (विकिडेटावरची एक नोंद) करा आणि त्याला मतदारसंघ (पी७६८), विधानसभेचा क्रमांक (पी२९३७), पक्षगट (पी४१००), आरंभ (पी५८०) आणि शेवट (पी५८२) हे जोडा. आमदाराने मध्येच पक्षगट बदलला तर जुने विधान त्या तारखेला बंद करून नवे सुरू करा. सलग तीनदा निवडून आलेल्याचे एकच लांब विधान केले तर ‘तेराव्या विधानसभेचे सदस्य’ अशी यादी काढता येत नाही.

विधान परिषदेला हा सांगाडा तसाच लावू नका. तिथे ७८ सदस्य, सहा वर्षांची मुदत आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. सभागृह विसर्जित होत नाही, म्हणून ‘अमुकावी विधान परिषद’ असे काही नसते. मतदान पसंतीक्रमाने होते, त्यामुळे तक्त्यात कोटा (जिंकायला लागणारी मते) आणि मोजणीच्या फेऱ्या लागतात. विधानसभेची २८८ पाने हातावेगळी झाली की परिषदेसाठी नवे नमुना पान करायला घ्या.