स्वमग्न मुलाच्या घरातील वर्षाची आखणी

आखणीची सुरुवात जूनपासून करावी, कारण मे महिन्याच्या सुट्टीत सैल झालेली दिनचर्या शाळा उघडताच एकदम आवळली, तर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला ते फार जड जाते. म्हणून झोपेची व जेवणाची वेळ दोन आठवडे आधीपासून रोज थोडी थोडी सरकवावी आणि रेनकोट अंगावर घेण्याची सवय घरातच लावावी.

खरा कस गणपती ते दिवाळी या काळात लागतो. ढोल-ताशा, फटाके आणि पाहुण्यांची वर्दळ एकत्र येते, तेव्हा दर्शनाला सकाळी लवकर जावे, आवाज रोखणारे हेडफोन आधीच अंगवळणी पाडावेत, कोण कधी येणार याची चित्रे भिंतीवर लावावीत आणि घरातील एक शांत खोली मुलासाठी राखून ठेवावी. या व्यवस्थेचे कारण आजी-आजोबांना आधीच समजावून सांगावे. मुलाला सणातून वगळणे मात्र मला अन्यायाचे वाटते. पणत्या रंगवणे किंवा मोदकाचे सारण ढवळणे त्याच्याकडे आवर्जून द्यावे. त्याला फिट येत असतील, तर जागरण टाळावे आणि औषधाची वेळ कोणत्याही समारंभासाठी पुढे ढकलू नये.

दिवाळीनंतर कागदपत्रे पाहावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र) काढता येते. स्वमग्नतेसारख्या दिव्यांगत्वासाठी असलेल्या ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तारीखही तेव्हाच नोंदवावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीतील काही दिवस भावंडासाठी स्वतंत्र राखावेत, आणि ते दिवस त्या भावंडानेच निवडावेत.