झीझी प्लांटची कुंडी कशी बदलावी

झीझी प्लांट हे जाड, चकचकीत पानांचं घरात ठेवायचं शोभेचं झाड. त्याची प्लास्टिकची कुंडी बाजूने फुगली की ती बदलायची वेळ झाली असं समजावं. गोल कुंडी हळूहळू वेडीवाकडी होते, कधी कडेला उभी चीरही जाते. मातीच्या किंवा सिरॅमिकच्या कुंडीत हे इतकं उघड दिसत नाही. तिथे वरच्या मातीतून झाडाचे बटाट्यासारखे गड्डे डोकावतायत का, तळाच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का आणि घातलेलं पाणी न मुरता कडेकडेने लगेच खाली जातंय का, हे बघायचं. यातलं काहीच नसेल तर झाडाला हात लावू नका. दोन-तीन वर्षं एकाच कुंडीत राहणं याला मुळीच जड जात नाही. नर्सरीतून आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाईही नको. आधी घरच्या उजेडाची सवय होऊ द्या. नर्सरीवाल्याने चिकट काळ्या मातीत लावलेलं असेल, तर मात्र लवकर हलवलेलं बरं.

हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. केनिया-टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळपर्यंत ते आपसूक उगवतं. तिकडे महिनोन्‌महिने पाऊस नसतो. कोरड फारच लांबली तर ते पानं गाळून टाकतं आणि जमिनीखालच्या गड्ड्यांतल्या पाण्यावर तग धरतं. 1996च्या सुमारास हॉलंडच्या नर्सऱ्यांनी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली आणि नंतर ते जगभरच्या ऑफिसांत आणि फ्लॅटांत पोचलं. कुळ मात्र आपल्या ओळखीचं आहे, अळू-सुरणाचं. म्हणून याच्या रसानेही हाताला खाज सुटू शकते. सुरण चिरताना हाताला तेल लावता ना, तसं इथे रबरी हातमोजे घाला आणि काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नका. मुलांनी किंवा मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, तेव्हा कापलेले तुकडे लगेच उचला. या झाडाने कॅन्सर होतो असा जो मेसेज अधूनमधून फिरतो, तो बिनबुडाचा आहे.

आता मुहूर्त. झाडं लावायची ती पावसाळ्यात, हा आपल्याकडचा पक्का हिशोब. जास्वंदीला तो बरोबर, झीझीला चुकीचा. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैच्या दमट हवेत घरातल्या कुंडीची माती पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही. अशा मातीत नुकत्याच दुखावलेल्या मुळांना कुजायला कारण लागत नाही. पुण्या-नाशकाकडच्या थंडीत झाड जवळजवळ झोपलेलंच असतं, त्यामुळे जखमा भरून यायला वेळ लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. गड्डे कुजलेत अशी शंका असेल, तर मात्र महिना बघत बसू नका.

नवी कुंडी जुनीपेक्षा दीड-दोन इंचच रुंद हवी. सहा इंचीतून आठ इंचीत, आठातून दहात. पुन्हा पुन्हा हे काम नको म्हणून एकदम चौदा इंची कुंडी घ्यायचा मोह बहुतेकांना होतो, आणि झाड मरतं ते बहुधा तिथेच. मुळं जिथवर पोचलेली नाहीत तिथली माती पाणी धरून बसते. ते प्यायला कुणी नसतं, आणि ती ओल आठवडेच्या आठवडे गड्ड्यांना लागून राहते. पाण्याची आठवण राहत नाही अशांना प्लास्टिकची कुंडी चालेल. ज्यांचा हात सारखा झारीकडे जातो, त्यांनी मातीचीच घ्यावी, ती बाजूनेही वाळते. तळाला भोक हवंच. बिनभोकाची देखणी सिरॅमिकची कुंडी वापरायचीच असेल, तर झाड साध्या कुंडीत लावून ती कुंडी आत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

माती एका मगाने मोजून घ्या. तीन मग लाल माती, दोन मग चाळलेली जाड वाळू किंवा विटेचा बारीक चुरा, एक मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक मग जुनं गांडूळखत. पर्लाईट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे) मिळालं तर वाळूतला एक मग कमी करून ते घाला, कुंडी हलकी होते. बांधकामावरची क्रश सँड चालते, पण तिच्यात दगडाची भुकटी फार असते. ती चाळणीतून गाळून धुतली नाही, तर पाणी घातल्यावर माती सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नुसत्या कोकोपीटमध्येही लावू नका. ते पाणी फार काळ धरतं, आणि एकदा का पूर्ण वाळलं की पाणी आत घेत नाही. निंबोळी पेंड अनेकजण मूठभर घालतात. बाल्कनीत ठीक आहे, पण बंद खोलीत तिचा वास राहतो आणि वर पांढरी बुरशी धरते. घरातल्या कुंडीला मी ती घालत नाही.

कुंडी बदलण्याआधी आठवडाभर पाणी बंद ठेवा. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते. जमिनीवर जुना पेपर पसरा, कुंडी आडवी करा आणि तळहाताने चहूबाजूंनी थापटत फिरवा. दांडे धरून ओढायचं नाही. ते भरीव दिसतात, पण गड्ड्याशी जिथे जोडलेले असतात तिथेच पटकन निखळतात. झाड सुटत नसेल तर कुंडी कापा. जाड कात्रीने वरच्या कडेपासून तळापर्यंत दोन उभे काप दिले की कुंडी केळ्याच्या सालीसारखी उघडते. साठ-सत्तर रुपयांच्या कुंडीसाठी झाड दुखवण्यात अर्थ नाही.

आता आतला पसारा दिसेल. बटाट्यासारखे तपकिरी गड्डे एकमेकांना चिकटून बसलेले, त्यांच्यावर जुन्या दांड्यांच्या वळ्या आणि खाली फिकट, जाडसर मुळं. बोटांनी हलकेच माती मोकळी करा, पण सगळी झटकून, धुऊन काढायची गरज नाही. प्रत्येक गड्डा दाबून बघा. टणक असेल तर चांगला. मऊ पडलेला, दाबल्यावर पाणी सोडणारा किंवा आंबूस वास येणारा गड्डा कुजलाय. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि आतला पांढरट, टणक भाग दिसेपर्यंत कापत जा. बुरशीनाशक भुकटी असेल तर कापावर लावा, कुणी हळदही लावतं. पण खरं काम करते ती हवा. कापलेलं झाड दोन दिवस सावलीत उघड्यावर पडू द्या. काप वरून कोरडा झाल्याशिवाय मातीत घालू नका.

झाडाची वाटणी करायची असेल तर ती आत्ताच. गड्डे जिथे सहज वेगळे होतात तिथूनच सोडवा आणि प्रत्येक वाट्याला निदान एक टणक गड्डा, थोडी मुळं आणि शक्यतो दोन-तीन दांडे येऊ द्या. एकेकच दांडा असलेली पाच रोपं करायला गेलात तर वर्षभर पाचही कुंड्या तशाच बघत बसावं लागतं. ओढाताणीत तुटलेला दांडा टाकू नका. त्याचं बूड दोन दिवस वाळवून मातीत खोचा. एकटं पानही मातीत रुजतं, त्याच्या बुडाशी वाटाण्याएवढा गड्डा धरतो. पण त्यातून वर कोंब यायला कधीकधी वर्ष लागतं.

लावायचं काम मात्र पाच मिनिटांचं. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोन ठेवा. तळाला खडी-खापऱ्यांचा जाड थर घातला की निचरा चांगला होतो असं सर्रास सांगतात, पण होतं उलट. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, त्या थराच्या वरच अडतं. ओल उलट गड्ड्यांच्या आणखी जवळ येते. थोडी माती घालून झाड ठेवा. आधी जेवढं खोल होतं तेवढंच, गड्ड्यांची डोकी मातीने जेमतेम झाकतील इतकं. बाजूंनी माती भरा आणि कुंडी दोनतीनदा जमिनीवर आपटा म्हणजे ती आपोआप बसेल. अंगठ्याने ठासू नका. वर इंचभर जागा मोकळी ठेवा. दांडे फाकत असतील तर महिनाभर सैलसर सुतळी बांधून ठेवा.

आणि आता पाणी घालू नका. इतर रोपांना लावल्या लावल्या झारीभर पाणी देतो, इथे चार-पाच दिवस थांबायचं. दुखावलेली मुळं तेवढ्यात सुकून भरून येतात. गड्ड्यांत पाणी असतंच, त्यामुळे झाड तहानेने मरत नाही. काप दिलेले असतील तर आठवडाभर थांबा. मग एकदा भरपूर, तळातून वाहीपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. पुढे उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा पुरतं, पण कॅलेंडरपेक्षा हातावर भरवसा ठेवा. कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. उचलता येण्याजोगी नसेल तर बांबूची काडी तळापर्यंत खोचून काढा, तिला ओलसर माती चिकटली तर आणखी थांबा.

पहिले दोन महिने कुंडी भरपूर उजेडाच्या खिडकीजवळ ठेवा, पण थेट ऊन नको. दुपारच्या उन्हाने पानांवर भाजल्यासारखे पिवळट डाग पडतात, ते जात नाहीत. अंधाऱ्या कोपऱ्यातही हे झाड जगतं, मात्र तिथे माती वाळायला फार वेळ लागतो. खालची एखाददुसरी पानं पिवळी पडली तर घाबरू नका. पूर्ण दांडाच बुडातून पिवळा पडून मऊ झाला, तर माती उकरून गड्डा दाबून बघा. खत तीन महिने नको, मातीत घातलेलं गांडूळखत तोवर पुरतं. नवा दांडा लगेच दिसला नाही म्हणून झाड उपटून मुळं तपासू नका. ते आधी खाली गड्डे वाढवतं, मग वर कोंब काढतं, आणि यात अख्खा उन्हाळा जाऊ शकतो.