भूमध्य समुद्रातल्या बेटांचा खर्च एकमेकांशी ताडून कसा बघायचा

सँटोरिनी स्वस्त की माल्टा, क्रीट परवडेल की सिसिली (सँटोरिनी आणि क्रीट ग्रीसची बेटं, सिसिली इटलीचं, माल्टा स्वतःच एक छोटा देश), हा प्रश्न मला ओळखीतले लोक सारखे विचारतात, आणि बहुतेकांनी तोपर्यंत एकच गोष्ट केलेली असते, बुकिंग साईटवर चार बेटांची नावं टाकून हॉटेलचे रेट बघितलेले असतात. त्यावरून काहीच कळत नाही, खरंच. बेटाचा खर्च हॉटेलमध्ये जेवढा असतो तेवढाच तिथपर्यंत पोचण्यात आणि तिथे फिरण्यात असतो, आणि हे दोन आकडे कोणी आपणहून तुमच्यासमोर मांडत नाही, ते आपल्यालाच खणून काढावे लागतात. मी हे कसं करते ते सांगते. उदाहरण आमच्याच घरचं घेते, आम्ही चौघं, मी, नवरा, १४ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई, सात रात्री. हिशोबाला १ युरो म्हणजे १०५ रुपये धरलेत, तुम्ही त्या दिवशीचा रेट बघून त्याच्या दोन-तीन रुपये वरचाच धरा.

आधी महिना ठरवा, बेट नंतर

आपल्याकडे सुट्ट्या दोनच, मे महिना आणि दिवाळी. यावरच अर्धा निकाल लागतो. मे महिना जवळपास सगळीकडे चांगला, हॉटेलं उघडलेली असतात, बोटी सुरू असतात, जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते, फक्त पाणी जरा गार असतं. दिवाळीचं मात्र नीट बघा. ऑक्टोबरच्या मध्यावर असेल तर मजा आहे, समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, रेट उतरलेले असतात. पण दिवाळी नोव्हेंबरकडे सरकली की ग्रीसच्या छोट्या बेटांवर हॉटेलं, टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या खानावळी बंद व्हायला लागतात आणि बोटींच्या फेऱ्याही कमी होतात. तेव्हा सँटोरिनीचा रेट स्वस्त दिसतो, पण त्या स्वस्ताईत काय मिळणार ते बघा. माल्टा, सिसिली, सायप्रस इथे लोक वर्षभर राहतात, मोठी गावं आहेत, त्यामुळे नोव्हेंबरातही सगळं चालू असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर अजून दोन गोष्टी. ग्रीसच्या बेटांभोवतीच्या एजियन समुद्रात या दिवसांत मेल्टेमी नावाचा उत्तरेचा जोराचा वारा सुटतो, तो फार वाढला की बोटी बंदरातच थांबवून ठेवतात, म्हणजे एक जास्तीची रात्र बजेटमध्ये धरायलाच हवी. आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास सगळा देश एकदम सुट्टीवर निघतो, त्या आठवड्यात सिसिली-सार्डिनियाचे रेट बघून बेटाबद्दल मत बनवू नका.

म्हणून एक तारखांची जोडी पक्की करा आणि सगळ्या बेटांसाठी तीच वापरा. एकाचा मे आणि दुसऱ्याचा ऑक्टोबर असं केलंत तर तुलना तिथेच संपली.

घराच्या दारापासून बेटावरच्या खोलीपर्यंत

आता एक्सेल उघडा किंवा वही घ्या, एका बेटाला एक रांग. पहिला रकाना, मुंबईहून (किंवा तुमच्या गावाहून) खोलीच्या दारापर्यंत चौघांचे किती. नुसतं विमान नाही.

सँटोरिनीचंच बघा. मुंबई ते अथेन्स तिकीट दिसतं आणि आपण खूश होतो, पण पुढे विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत जायचं, मेट्रोचे माणशी ९ युरो, बसने ५.५०. तिथून मोठी संथ बोट साधारण आठ तास घेते, जलद बोट पाच तासांच्या आसपास आणि तिकीट बरंच जास्त. आणि खरी मेख पुढे आहे, मोठी बोट सकाळी सातच्या सुमारास सुटते, तुमचं विमान दुपारी उतरलं तर एक रात्र अथेन्समध्ये काढावी लागते. परतीच्या वेळीही बोटीला उशीर होईल या धास्तीने लोक एक रात्र आधी अथेन्सला येतात. म्हणजे सात रात्रींतल्या दोन गेल्या, आणि त्या दोन रात्रींचं हॉटेल, जेवण, टॅक्सी हे सगळं सँटोरिनीच्याच खात्यात लिहायचं.

क्रीटचं उलट आहे. पिरेअसहून हेराक्लिऑनला रात्रीची बोट असते, रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि सकाळी सहाच्या आसपास पोचते. दुपारी अथेन्सला उतरलात तर आरामात मिळते, आणि केबिन घेतली तर एका हॉटेलच्या रात्रीचे पैसे वाचतात. नेपल्सहून पालेर्मोलाही अशीच रात्रीची बोट आहे.

माल्टाला बोटीची भानगडच नाही, विमानतळ बेटावरच, एक लेओव्हर करून थेट उतरायचं. तिकीट अथेन्सपेक्षा महाग दिसेल, दिसू दे, पुढचे रकाने भरा आणि मग बघा.

युरोपातल्या युरोपात स्वस्त एअरलाईन घेणार असाल तर बॅगेचे पैसे वेगळे धरा. आम्ही एकदा असं तिकीट घेतलं, भाव इतका कमी होता की दोनदा तपासला. त्यात फक्त सीटखाली मावेल एवढी बॅग होती हे वाचलं होतं, पण सासूबाईंची छोटी ट्रॉली बसेल असं वाटलं. गेटवर एक लोखंडी सांगाडा असतो, बॅग त्यात उतरवून दाखवायची, आमची बॅग आत गेली पण चाकं वर राहिली, दोन बोटं एवढीच असतील. गेटवरच्या कर्मचारी मुलीने मान हलवली आणि कार्ड मशीन पुढे केलं. त्या एका बॅगेचे जे गेले ते सासूबाईंच्या तिकिटापेक्षा जास्त होते आणि त्या बिचाऱ्या पुढचे दोन दिवस माझ्यामुळे झालं म्हणत राहिल्या. तेव्हापासून मी तिकिटाचा भाव बॅगेसकटच लिहिते.

व्हिसा

हा सगळ्यांना सारखाच, त्यामुळे तुलनेत फारसा फरक पाडत नाही. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ पूर्ण ते १२ च्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. आमची मुलगी १४ ची, म्हणून चौघांचे ३६० युरो, म्हणजे ३७,८०० रुपये, वर सेंटरची सर्व्हिस फी आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स सगळे याच एका व्हिसात येतात, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. सायप्रस २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे पण म्हणून शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं धरू नका, तिथला नियम वेगळा तपासा.

राहायचं, आणि राहण्यावरचा टॅक्स

बुकिंग साईटवर जो आकडा दिसतो त्यात बऱ्याचदा स्थानिक टॅक्स नसतो, तो हॉटेलवाला काउंटरवर मागतो. आणि प्रत्येक ठिकाणी तो मोजायची पद्धत वेगळी, इथेच गफलत होते.

ग्रीसमध्ये हा टॅक्स खोलीमागे असतो. एप्रिल ते ऑक्टोबर तीन-स्टार हॉटेलला खोलीमागे दर रात्री ५ युरो, चार-स्टारला १०, पाच-स्टारला १५, आणि भाड्याच्या अपार्टमेंटला ८. आम्हाला दोन खोल्या लागतात, म्हणजे चार-स्टारमध्ये सात रात्रींचे १४० युरो, १४,७०० रुपये निव्वळ टॅक्स! तेच चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहिलो तर ५६ युरो. मयोर्का-इबिझाकडे, म्हणजे स्पेनच्या बेलिआरिक बेटांवर, टॅक्स माणशी असतो, सीझनमध्ये हॉटेलच्या दर्जाप्रमाणे रात्रीला १ ते ४ युरो, १६ वर्षांखालच्या मुलांना माफ. इटलीत प्रत्येक नगरपालिकेचा आपला वेगळा दर, तोही माणशी. त्यामुळे कुटुंब मोठं असेल तर एका खोलीमागचा टॅक्स बरा पडतो, जोडपंच असेल तर गणित बदलतं.

सँटोरिनीला अजून एक बघा. फोटोत दिसणारी पांढरी घरं कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या मोठ्या खळग्याच्या कड्यावर आहेत, फिरा आणि ओइया या गावांत. बेटाच्या दुसऱ्या बाजूला कामारी आणि पेरिसा, तिथे काळ्या वाळूचे किनारे आहेत, रेट खूपच कमी, आणि बसने फिराला येता येतं. शिवाय ओइयात पायऱ्याच पायऱ्या, गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर कड्यावरच्या खोलीचे पैसे मोजून ते माणूस खोलीतच बसून राहतं. मला विचाराल तर ज्येष्ठ बरोबर असतील तर कामारीच घ्या.

बेट केवढं आहे ते बघा

हा रकाना लोक सोडूनच देतात आणि तिथेच पैसे जातात. माल्टाची सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, मुंबईच्या जेमतेम निम्मी. बस सगळीकडे जाते, एक तिकीट हिवाळ्यात २ युरो, उन्हाळ्यात २.५०, दोन तास चालतं, आणि आठवड्याचं कार्ड साधारण २५ युरोचं. चौघांचा आठवडा १०० युरोत. गोझो बेटावर जायची बोट माणशी ४.६५ युरो, तेही परतताना द्यायचे, जाताना कोणी मागत नाही. सासूबाईंना बसच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला हे खरं, उन्हाळ्यात बस भरलेली येते आणि न थांबता पुढे जाते, तेव्हा दोन-चार टॅक्सी धरूनच चाला.

क्रीट मात्र ८,३०० चौरस किलोमीटरच्या वर, दोन गोवे मावतील एवढं, आणि लांबीला २६० किलोमीटर. मोठ्या गावांमध्ये केटेलच्या (तिथली बससेवा) बस चांगल्या आहेत, पण दूरचे किनारे आणि डोंगरातली गावं बघायची तर गाडी हवी. सिसिली तर २५,००० चौरस किलोमीटरच्या वर. तिथे पालेर्मो, चेफालू, कतानिया, सिराकुझा या किनाऱ्यावरच्या गावांना रेल्वे आहे, आतल्या बऱ्याच भागाला मात्र भाड्याची कारच.

गाडीचा आकडा लिहिताना रोजचं भाडं, पूर्ण इन्शुरन्स, पेट्रोल, पार्किंग हे सगळं घ्या. ऑटोमॅटिक गाडी महाग असते. क्रेडिट कार्डावर मोठं डिपॉझिट ब्लॉक होतं, ते खर्च नाही पण तेवढी लिमिट मोकळी लागते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. माल्टा आणि सायप्रसमध्ये आपल्यासारखी डावीकडून गाडी चालवतात, बाकी सगळीकडे उजवीकडून. आणि इटलीत जुन्या गावांच्या आत झेडटीएल नावाचा भाग असतो, परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंड मागाहून येतो, म्हणून हॉटेल त्या भागात असेल तर आधी विचारून घ्या.

खाण्याचा भाव

एक ठराविक टोपली करा, सगळ्या बेटांना तीच लावा. एक पाण्याची बाटली, एक कॉफी, एक रस्त्यावरचं खाणं, एक बसून केलेलं जेवण. गूगल मॅपवर हॉटेलच्या मेनूकार्डाचे फोटो लोकांनी टाकलेले असतात, गेल्या सहा महिन्यांतले बघा आणि किमती उतरवून घ्या.

इटलीत बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो बसण्याचेच लागतात, आणि कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली तर एक भाव, टेबलावर बसून वेगळा. पण शाकाहारी माणसाला सिसिलीसारखी जागा नाही असं मी म्हणेन. पालेर्मोच्या बाजारात पानेल्ले मिळतात, चण्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून, तिळाच्या पावात भरून, वर लिंबू पिळून. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, अगं हे तर आपलं बेसन! दोघींचं दुपारचं जेवण त्यातच झालं, काही युरोत. माल्टात पास्तित्सी, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण, तेही अगदी स्वस्त. सँटोरिनीला फावा म्हणून पिवळ्या डाळीचं घट्ट वरण असतं, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून, चवीला फार छान, पण कड्यावरच्या टेबलावर त्याचेही दृश्यासकट पैसे लागतात.

पैसे देताना

कार्ड मशीन रुपयात देऊ की युरोत असं विचारलं तर नेहमी युरो, रुपये निवडलेत की ते लोक आपला रेट लावतात. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून कमी मार्कअपवालं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड बघा. टूर पॅकेजशी तुलना करत असाल तर त्यावरचा टीसीएस (टूरवाला आपल्याकडून आधीच कापून घेतो तो कर) इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर रक्कम अडकलेली असते.

शेवटचा भागाकार

आता सगळी बेरीज करा आणि तिला रात्रींनी भागू नका, बेटावर प्रत्यक्ष मोकळे मिळालेल्या दिवसांनी भागा, आणि मग माणसांनी. सँटोरिनीचे आमचे मोकळे दिवस चारच भरत होते, माल्टाचे सहा. एवढ्या एका गोष्टीने तिकिटाचा सगळा फरक भरून निघाला. माल्टाहून सिसिलीच्या पोत्झाल्लोला बोट पावणेदोन तासांत जाते, तेव्हा तारखा थोड्या वाढवल्या तर एकाच व्हिसात आणि एकाच विमानभाड्यात दुसरं बेट जोडता येतं, आम्ही शेवटी तेच केलं. मुलीला मात्र सँटोरिनीच हवं होतं, तर पुढच्या वेळी मे महिन्यात क्रीटला राहून तिथून जलद बोटीने सँटोरिनीला जायचं असं ठरलंय, साधारण दोन तास लागतात, सीझनमध्ये सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्या सहलीची रांग मी शीटमध्ये आत्ताच टाकून ठेवलीय, बोटीचा रकाना रिकामा आहे, उन्हाळ्याचं वेळापत्रक लागलं की भरीन.