नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी

आधी हजेरी. बार कौन्सिल (वकिली आणि तिच्या शिक्षणाचं नियमन करणारी संस्था) हिच्या २००८च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के लागते; ६० तासिकांत फार तर १८ बुडवता येतात. त्या आजारपण आणि घरच्या लग्नकार्यासाठी राखा, ऑफिससाठी नव्हे. दर महिन्याला विषयवार मोजा. एकूण सरासरी बरी दिसते आणि नेमका एक विषय अडकतो.

इंटर्नशिप किमान १२ आठवडे, पण कुठल्याही वर्षी सलग ४ पेक्षा जास्त नाही. म्हणून दरवर्षीच्या सुट्टीत चार आठवडे उरका.

लोकलमध्ये बेअर ॲक्ट, म्हणजे टिपणांशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, वाचा. निवाड्यांना निवांत टेबल लागतं. सीनियरच्या फुकट नोट्स घ्या, पण फौजदारीत जपून: १ जुलै २०२४पासून खुनाच्या शिक्षेसाठी भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३०२ जाऊन भारतीय न्याय संहितेचं १०३ आलंय.

मित्रांना रविवारची संध्याकाळ द्या, मूट कोर्टचा (सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्याचा) आठवडा सोडून.