नववीच्या वर्गात ‘श्यामची आई’, ‘बनगरवाडी’ आणि ‘शाळा’ वाचताना

मराठीच्या तासाला पाठ वाचून संपला की बहुतेक वर्गांत ‘या पाठातून कोणता बोध मिळतो’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो. मुलांना त्याचे उत्तर पाठ न वाचताही देता येते, कारण ‘श्यामची आई’मधून मातृप्रेम आणि संस्कार शिकायला मिळतात हे त्यांनी गाइडात वाचलेले असते आणि घरीही ऐकलेले असते. उत्तर बरोबर ठरते, गुण मिळतात आणि पुस्तक मात्र बंदच राहते. पुढे मांडलेली पद्धत ते पुस्तक उघडण्यासाठी आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांत जुने साहित्य शिकवताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली : मुले अडतात ती शब्दकोशात शोधाव्या लागणाऱ्या शब्दांपाशी फारशी नाही, ती अडतात ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी, आणि त्या काळच्या वाचकाला माहीतच होत्या म्हणून लेखकाने सांगितल्या नाहीत अशा गोष्टींपाशी. शिक्षकाने आपला वेळ आणि श्रम प्रामुख्याने तेथे खर्च करावेत.

पुस्तके कोणती घ्यावीत

एका सत्रात तीन पुस्तकांचे निवडक भाग घेतले तर पुरे होतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’, व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ मधील ‘बनगरवाडी’ आणि मिलिंद बोकील यांची २००४ मधील ‘शाळा’ ही तीन मी निवडतो, कारण तिन्हींत कोणीतरी ‘मी’ म्हणून बोलतो आणि तिन्हींत मुले आहेत. एकात मुलगा आईविषयी सांगतो, दुसऱ्यात एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवरच्या शाळेविषयी सांगतो, तिसऱ्यात नववीतला जोशी आपल्या वर्गाविषयी आणि मित्रांविषयी सांगतो. अशी तीन पुस्तके शेजारी ठेवली की मुले आपोआप तुलना करू लागतात आणि तुलना करताना त्यांना प्रश्न सुचतात.

आरंभ सर्वांत नव्या पुस्तकापासून करावा. ‘शाळा’तील पहिली काही पाने वाचली की ही भाषा आपली आहे, पुस्तकातही असे बोलता येते, हे मुलांना उमगते, आणि त्यानंतर जुन्या पुस्तकाकडे ती कमी बिचकत जातात. मात्र ही कादंबरी किशोरवयातील आकर्षणाविषयी मोकळेपणाने बोलते आणि त्यातील मुलांच्या तोंडी वर्गाबाहेरची भाषा आहे. म्हणून शिक्षकाने ती आधी स्वतः शेवटपर्यंत वाचावी, वर्गात घ्यायचे उतारे निश्चित करावेत आणि मुख्याध्यापकांना तशी कल्पना द्यावी. लपवून वाचायला दिलेल्या पुस्तकावर वर्गात खुली चर्चा होत नाही.

प्रतींच्या बाबतीत एक सोय आहे. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून त्यांच्या मूळ लेखनाच्या प्रती कोणालाही काढता येतात. उरलेली दोन पुस्तके शाळेने विकत घ्यावीत. पाच-सहा मुलांत एक प्रत असली तरी भागते, कारण यातील बरेचसे वाचन मोठ्याने करायचे आहे.

ओळखीचे दिसणारे शब्द

वाचन सुरू करण्यापूर्वी फळ्यावर चार-पाच शब्द लिहावेत आणि प्रत्येकाने आपल्याला वाटणारा अर्थ वहीत लिहावा असे सांगावे. शिक्षकाने तेव्हा काहीही दुरुस्त करू नये. ‘बनगरवाडी’साठी मी ‘कारभारी’ आणि ‘तालीम’ हे शब्द हमखास देतो. ‘कारभारी’ म्हणजे नवरा, असे मुले लिहितात. मालिकांत बायको नवऱ्याला तशी हाक मारते हे त्यांनी पाहिलेले असते. ‘तालीम’ म्हणजे स्नेहसंमेलनाआधी होणारा नाटकाचा सराव, असेही शहरातील मुले लिहितात. कादंबरीत कारभारी हा वाडीत ज्याचा शब्द चालतो असा म्हातारा आहे आणि तालीम ही व्यायामाची, कुस्तीची जागा आहे. हे आधी सांगून टाकले तर मुले ते ऐकतात आणि विसरतात. वाचता वाचता आपला अर्थ बसत नाही हे त्यांच्या लक्षात आले, तर तो शब्द त्यांचा होतो आणि पुढच्या पुस्तकातही ती सावध राहतात.

याहून नकळत फसवणारी गोष्ट क्रियापदांत आहे. जुन्या गद्यात ‘आई पहाटे उठे’, ‘ती मला म्हणे’ अशी रूपे सतत येतात. हा रीतिभूतकाळ आहे आणि त्याचा अर्थ ‘उठत असे’, ‘म्हणत असे’ असा आहे. आजच्या मुलाला ‘म्हणे’ ठाऊक असते ते ‘तो आजारी आहे म्हणे’ या वाक्यातले, म्हणजे ऐकीव गोष्टीचे. त्यामुळे आई रोज सांगत असलेली गोष्ट कोणाकडून तरी कळलेली वाटते आणि साऱ्या प्रकरणाचा सूर बदलतो. यावर व्याकरणाचा स्वतंत्र पाठ घेण्याची गरज नाही. एका परिच्छेदातील अशी रूपे मुलांकडून ‘-त असे’ लावून वाचून घ्यावीत आणि मग पुन्हा मूळ रूपांत वाचावीत. दुसऱ्या वाचनात मूळ वाक्याची लय किती सुटसुटीत आहे हे त्यांना ऐकू येते.

ग्रंथालयातील जुनी आवृत्ती हाती आली तर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार दिसतील आणि मुले ती छपाईची चूक समजतील. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले तेव्हा असे अनुच्चारित अनुस्वार गेले, एवढे सांगितले की पुरते. पैशांबाबतही एवढेच : १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. हे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावे.

लेखकाने न सांगितलेले

‘श्यामची आई’तील घर पूर्वी सुस्थितीत होते आणि पुढे सावकारापर्यंत गोष्ट गेली, हे मुलांना कळते, पण हे घराणे खोतांचे होते, म्हणजे कोकणातील गावाचा शेतसारा वसूल करून सरकारकडे भरणारे होते, हे कळल्याशिवाय त्या अब्रूच्या कल्पनेचे वजन त्यांना जाणवत नाही. खोती कायद्याने रद्द झाली ती स्वातंत्र्यानंतर. ‘बनगरवाडी’ औंध संस्थानातील आहे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि हे सांगितल्यावर मास्तराला वाडीत तालीम बांधावीशी का वाटते व तेथे राजा का येतो, हे मुलांना सहज पटते. ‘शाळा’त आणीबाणीचा काळ आहे. १९७५ चा जून आणि १९७७ चा मार्च एवढ्या दोनच खुणा द्याव्यात आणि मोठी माणसे कोणत्या विषयावर आवाज खाली करतात हे मुलांना पुस्तकातून शोधायला सांगावे.

अशी माहिती दोन-तीन मिनिटांत द्यावी. पार्श्वभूमीवर अख्खी तासिका खर्च झाली तर तो इतिहासाचा तास होतो.

एक प्रकरण, दोन तासिका

‘श्यामची आई’तील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण मी सविस्तर घेतो. कथा साधी आहे : आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काहीही न बोलता ती आवडीने खातात, मुलेही गप्प राहतात, शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते.

पहिल्या तासिकेत वडिलांचे जेवण होईपर्यंतच वाचावे आणि पुस्तक मिटावे. मुलांना फक्त एकच गोष्ट करायला सांगावी : येथे आपल्याला खटकलेला किंवा न कळलेला एक मुद्दा वहीच्या समासात लिहावा. जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणीतरी लिहितेच की आईने स्वयंपाक करताना चव का पाहिली नाही. हा प्रश्न क्षुल्लक समजून बाजूला सारू नये. सोवळ्यात रांधलेले अन्न देवाला नैवेद्य दाखवण्यापूर्वी चाखत नसत; वर्गात एखाद्याच्या आजीच्या घरी ही रीत आजही असते आणि तोच मुलगा उत्तर देतो. दुसरा प्रश्न असतो की तिला इतक्या उशिरा का कळले. घरातील सर्वांना वाढून झाल्यावर बाईने शेवटी जेवायचे, ही रीत लेखकाने समजावून सांगितलेली नाही, कारण त्याच्या वाचकाला ती सांगावी लागत नव्हती. मुलींकडून येथे बरेच बोलले जाते. त्यांना बोलू द्यावे.

दुसऱ्या तासिकेत उरलेला भाग वाचावा. वडील मोठे की आई मोठी, असा प्रश्न कथेतच उभा राहतो आणि बहुतेक शिक्षक तेथे ‘दोघेही थोर’ असे सांगून मोकळे होतात. त्याऐवजी वर्गाला विचारावे : वडिलांनी हळूच सांगितले असते तर आईला कमी वाईट वाटले असते की जास्त? मुलांचे मौन आणि वडिलांचे मौन एकच आहे का? मते विभागली जातील. नियम मात्र एकच ठेवावा, की ज्याने मत मांडले त्याने पुस्तकातील एका वाक्यावर बोट ठेवून ते मांडावे. ‘मला असे वाटते’ एवढ्यावर थांबणाऱ्या मुलाला ‘कोणत्या ओळीमुळे?’ असे शांतपणे विचारावे. पहिल्या आठवड्यात मुले गोंधळतात, पण महिनाभरात ती एकमेकांनाच हे विचारू लागतात.

सांगणारा कोण आहे

तिन्ही पुस्तकांत ‘मी’ आहे, पण तो सारखा नाही. श्याम ही हकिकत लहानपणी सांगत नाही. आता मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्री बसून, आता हयात नसलेल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणून त्या आईविषयी तक्रार फारशी उरलेली नाही, आणि पोहायला शिकण्यासाठी तिने दिलेला मारसुद्धा त्याला प्रेमाचा आठवतो. ‘शाळा’तील जोशी नववीत असतानाच नववीच्या मुलासारखा बोलतो, त्यामुळे त्याला जे कळत नाही ते वाचकाला स्वतः ओळखावे लागते. बनगरवाडीचा मास्तर या दोघांच्या मध्ये उभा आहे. तो निवेदन प्रमाण मराठीत करतो आणि वाडीतील माणसे माणदेशी बोलीत बोलतात. हे संवाद शक्यतो त्या भागातील बोली ज्याच्या कानावर आहे अशा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. एरवी ‘अशुद्ध बोलतो’ म्हणून मागे बसणारा मुलगा येथे वर्गाला उच्चार शिकवतो, आणि ते दृश्य मला मनापासून प्रिय आहे.

यावर लेखनाचा उत्तम सराव होतो. श्यामने सांगितलेला एखादा प्रसंग त्याच दिवशी, रागात असलेल्या लहान श्यामने कसा सांगितला असता, ते दहा ओळींत लिहायला द्यावे.

जातीचा प्रसंग आला की

‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात महार समाजातील एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी आल्यावर अंघोळ कर असेही सांगते. पहिले वाक्य वाचून दुसऱ्यावरून घाईने पुढे जाण्याचा मोह शिक्षकाला होतो. तसे करू नये, कारण मुले ते वाक्य पाहतातच आणि आपले शिक्षक ते टाळत आहेत हेही पाहतात. त्या आईने गावाच्या रोषाची पर्वा केली नाही, आणि तरीही विटाळाची कल्पना तिच्या घरातून गेली नव्हती, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही बोलाव्यात. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे हे पुस्तक लिहिले जाण्यापूर्वीचा आणि कोकणातलाच. त्याचा उल्लेख येथे अवश्य करावा, म्हणजे अस्पृश्यतेविरुद्धचा लढा केवळ दयाळू माणसांच्या दयेवर उभा नव्हता हे वर्गाला कळते. साने गुरुजींनी पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हेही सांगावे.

या तासाला कोणत्याही मुलाला ‘तुझा अनुभव सांग’ असे म्हणू नये आणि कोणाकडे पाहून बोलू नये. ज्याला बोलायचे आहे तो आपणहून बोलेल.

परीक्षेचे काय

कृतिपत्रिकेतील, म्हणजे कृतींच्या रूपात असलेल्या प्रश्नपत्रिकेतील, आकलनाच्या कृतींसाठी वेगळी तयारी लागत नाही. ओळीवर बोट ठेवण्याची सवय तेथे थेट उपयोगी पडते. स्वमताच्या प्रश्नात मुले विधान करतात आणि थांबतात, म्हणून त्यांना विधान, पुस्तकातील प्रसंग आणि त्या प्रसंगावरून आपण तसे का म्हणतो, अशा क्रमाने लिहायला लावावे. गाइड वापरू नका असे सांगून उपयोग होत नाही. मी गाइडातले उत्तर वर्गात वाचतो आणि त्यात पुस्तकातील कोणता प्रसंग सुटला आहे ते मुलांनाच शोधायला सांगतो.

सत्राच्या शेवटी ‘बनगरवाडी’चा अखेरचा भाग वाचावा. दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नये, दोन मिनिटे वर्ग शांत राहू द्यावा. मग पहिल्या आठवड्यात समासात लिहिलेले स्वतःचे मुद्दे मुलांना काढायला सांगावेत आणि त्याच पानावर, त्यांच्याच खाली, आज त्यांतील कोणता मुद्दा अजून सुटलेला नाही ते लिहून घ्यावे. या पानाला गुण देऊ नयेत. शिक्षकाने ते वाचून वही परत द्यावी.